पैनगंगेच्या वाळूतलं बाळंतपण

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला माणूस हमखास विचारतो, "तुम्ही कशात होता?" मी म्हणतो, वनखात्यात. मग पुढचा प्रश्न ठरलेला, "वाघ किती पाहिले?" मी सांगतो की वाघही पाहिले, पण माझी खरी नोकरी झाली ती मगरींबरोबर. यावर तो माणूस बुंदी वाढणाऱ्याकडे वळतो. आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात मगर आहे, हेच त्याला ठाऊक नसतं. असली तरी तिच्यासाठी सरकारनं माणूस नेमावा, हे त्याला पटत नसतं. माझ्या मोठ्या भावालाही ते पटलं नव्हतं. तो बेल्लमपल्लीच्या कोळसा खाणीत होता. रोज जमिनीच्या पोटात उतरणारा माणूस, पण मला भेटला की म्हणायचा, "तुझं काम धोक्याचं बुवा."

मी बीट ऑफिसर होतो. गावोगावचे लोक मात्र गार्डसाबच म्हणत, आणि मलाही तेच बरं वाटे. माझ्याकडे भीमपूरच्या बाजूचा पैनगंगेचा काठ होता. नदीच्या अलीकडे तेलंगणा, पलीकडे महाराष्ट्र. मगरीला याचं काही देणंघेणं नव्हतं. ती उन्हं खायला सकाळी इकडच्या वाळूवर असे आणि दुपारी तिकडच्या डोहात.

एकदा हैदराबादला आम्हाला प्रशिक्षणाला नेलं होतं. तिथल्या बाईंनी पडद्यावर चीनमधल्या अ‍ॅलिगेटरची चित्रं दाखवली. हा प्राणी मगरीचा चुलत भाऊ. तोंड बोथट आणि रुंद, मिटलं की खालचे दात दिसत नाहीत; आपल्या मगरीचा दात तोंड मिटूनही बाहेर दिसतो. अ‍ॅलिगेटर राहतो भातशेतीच्या आसपासच्या तळ्यांत. बांध पोखरतो म्हणून तिथल्या शेतकऱ्यांनी त्याला मारलं, तळी बुजवली, आणि होता होता रानात तो नावापुरता उरला. मग माणसांनीच त्याची अंडी जपली, पिल्लं वाढवली, पुन्हा पाण्यात सोडली. बाकीचे जण जेवणाच्या सुट्टीची वाट पाहत होते. मी मात्र त्या चित्रातला बांध बघत होतो. तसाच बांध आमच्या गावाकडे आहे, बांधावरचा माणूसही तसाच आहे, असं मला वाटलं. त्या बाईंचा मी आजही आभारी आहे. मी कुणाची राखण करतो, ते मला त्या दिवशी कळलं.

आता आमच्या गिऱ्हाइकांविषयी. "मगर घुसली" असा फोन आला की दहातल्या नऊ वेळा ती घोरपड निघायची. एका किराणा दुकानदारानं मला असंच धावत बोलावलं. तो स्वतः काउंटरवर उभा होता, बायकोला आणि मुलांना त्यानं घरात कोंडलं होतं, आणि शेंगदाण्याच्या पोत्यामागून घोरपडीचं शेपूट दिसत होतं. मी तिला पोत्यात घालून बाहेर काढली. दुकानदार खाली उतरला आणि मला म्हणाला, "लहान मगर होती ना साब?" गल्लीतले सगळे ऐकत होते. मी म्हटलं, "हो, लहान होती." माणसाची अब्रू राखणं हेही आमच्या कामात येतं.

पण गुडीहत्नूरला खरोखरच मगर निघाली. पावसाळ्यात नाले भरले की तरुण मगरी नवी जागा शोधत भटकतात. ही थेट हायवेवर येऊन बसली होती. दोन्हीकडे ट्रकांची रांग, आणि मधे ही बया जबडा उघडून. मगर पकडायची रीत सांगतो, म्हणजे वाचकांना उगाच भीती राहणार नाही, आणि उगाच धीरही येणार नाही. तिच्या डोळ्यांवर ओलं पोतं टाकायचं. अंधार झाला की ती बरीच शांत होते. मग मागून येऊन मानेवर वजन द्यायचं आणि जबडा बांधायचा. जबडा मिटायची ताकद भयंकर, पण उघडायची ताकद अगदीच बेताची. सायकलच्या ट्यूबची पट्टी चार वेढे गुंडाळली की काम झालं. त्या दिवशी तिला न्यायला काही नव्हतं, म्हणून ढाब्यावरची खाट उचलली आणि मगर तिच्यावर बांधून जीपपर्यंत नेली. ढाबेवाला आधी ओरडला, "साब, मेरी खाट!" पुढे तीच खाट त्यानं दर्शनी लावली. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो ती गोष्ट सांगतो, आणि मी चहाला थांबतो तेव्हा दर खेपेला ती मगर हातभर वाढलेली असते.

असे किस्से पुष्कळ. पण एक गोष्ट मला आतून खात असे. इतकी वर्षं मी त्या काठावर फिरलो, मगरी मोजल्या, जाळ्यात अडकलेल्या सोडवल्या, पण माझ्या हद्दीत एकही घरटं फळाला आलेलं मी पाहिलं नव्हतं. मगर पाण्यापासून थोडी वर, वाळूत मागच्या पायांनी खड्डा करते, त्यात अंडी घालते आणि वाळू सारखी करून ठेवते. दोनेक महिने ती जवळच्या पाण्यातून नजर ठेवून असते. तेवढ्यात कोल्हा येतो, गावची कुत्री येतात, घोरपड येते, रेती भरणारे येतात. दरवर्षी मी जायचो तेव्हा उकरलेली वाळू आणि टरफलं दिसायची. म्हाताऱ्या मगरी होत्या, पोरं नव्हती. पोरं नसलेल्या घराचं पुढं काय होतं, ते सांगायला नको. आणि माझ्या निवृत्तीला आता एकच उन्हाळा उरला होता.

त्याच उन्हाळ्यात, होळी नुकतीच झाली होती, गिरजाबाई चोरीची तक्रार घेऊन माझ्याकडे आली. गिरजाबाई आणि तिचा नवरा किसन यांची नदीच्या पात्रात टरबुजाची वाडी असते. पाणी उतरलं की वाळूत आळी करायची, खत घालायचं, वेल लावायचे आणि उन्हाळाभर तिथंच खोपट टाकून राहायचं. ती म्हणाली, "गार्डसाब, राती कोनी तरी पोतं ओढत नेलं. वाळूवर लंबी लकीर हाय. माये टरबूज नेले."

"टरबूज कमी झाले का?"

"ते नाई झाले. तेच तर समजून नाई राह्यलं."

मी जाऊन पाहिलं. मधे शेपटीची लांब रेघ, दोन्ही बाजूंना पंजे, आणि वाडीच्या कडेच्या वेलांपाशी सारखी केलेली वाळू.  मी खाली बसलो आणि म्हणालो, "गिरजाबाई, चोर काही घेऊन नाही गेला. ठेवून गेला."

बातमी गावात पोचायला वेळ लागला नाही. संध्याकाळी वाडीवर माणसं जमली. कोणी म्हणालं अंडी नदीत टाका, कोणी म्हणालं खड्ड्यात रॉकेल ओता. उद्या पोरं पाण्यात उतरतील, गुरं उतरतील, त्यांचं काय? भीती खोटी नव्हती. मी उभं राहून कायदा सांगू लागलो: कलम, शिक्षा, दंड. माझं सरकारी भाषण मला स्वतःलाच कंटाळवाणं वाटत होतं. एकजण मागून म्हणाला, "साब, कायदा मगरीले सांगा."

तेव्हा गिरजाबाई बोलली. तिची मुलगी सुनीता पलीकडच्या गावात दिलेली, आणि पहिल्या बाळंतपणाला ती नुकतीच घरी आली होती. गिरजाबाई म्हणाली, "माई पोरगी बाळंतपनाले आली, तिले मी हाकलू का? मंग हे काऊन हाकलू? हेबी आलीच ना माह्या वाडीत. माहेर समजून आली. लेकरं घेऊन जाईन आपल्या घरी. तोवर कोनी इकडे फिरकू नका."

 हसले काहीजण, पण रॉकेलचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. आमच्या भागात माहेरी आलेल्या बाळंतिणीला कोणी उठ म्हणत नाही. दुसऱ्या दिवसापासून गावातल्या बायका त्या जागेला "बाळंतिणीची खोली" म्हणू लागल्या. लोक गुरं पाण्याला वरच्या अंगाला नेऊ लागले. मी आयुष्यभर लावलेल्या पाट्यांनी जे झालं नाही, ते तिच्या एका बोलण्यानं झालं. मला अजिबात वाईट वाटलं नाही. उलट इतकं हलकं वाटलं की मी तिच्या हातचा चहा दोनदा मागून घेतला.

किसन बोलायला कमी, पण हातानं पक्का. त्यानं कुत्र्यांपासून राखायला पऱ्हाटीचं कुंपण केलं. कापसाच्या वाळलेल्या झाडांना आम्ही पऱ्हाटी म्हणतो; आमच्याकडे चुलीपासून गोठ्यापर्यंत सगळं तिच्यावर चालतं. वर बोरीचे काटे लावले. मी सांगून तीन बाजू बंद करून घेतल्या आणि पाण्याकडची बाजू मोकळी ठेवली, मगरीला यायला-जायला. त्या कुंपणात वाडीचे चांगले फळाला आलेले वेल गेले. त्याबद्दल दोघांपैकी कोणी चकार शब्द काढला नाही.

अंडी फुटायला आली तशी मी रोज जात होतो. आणि नेमका तेव्हाच नदीपलीकडून वाघ आला. भीमपूरकडच्या शिवारात त्यानं एक गोऱ्हा मारला आणि आम्हा सगळ्यांची ड्यूटी तिकडे लागली. मी रेंजर साहेबांना फोन केला. ते तेलुगू माणूस, मनानं चांगले. म्हणाले, "पहले टायगर देखो जी. मोसलि किधर जाती?" मोसलि म्हणजे मगर. त्यांचंही बरोबर होतं. मी रात्रंदिवस वाघाच्या मागे होतो आणि माझं चित्त त्या वाळूत होतं.

वाघ परत गेला त्या सकाळी मी घरी न जाता मोटारसायकल थेट वाडीवर नेली. गिरजाबाई वाटेतच उभी होती. "बरं झालं आले. तिले पाहा ना काय झालं. काल सांजेपासून कुंपनाले तोंड लावून पडून हाय. पान्यातबी जाऊन नाई राह्यली."

मी पुढे गेलो. मगर पाण्याकडच्या बाजूनं वर आली होती आणि काट्यांशी तोंड टेकून पडली होती. नाकाडावर ओरखडे होते. मी मोकळी ठेवलेली बाजू बोरीच्या काट्यांनी गच्च बंद केलेली होती. आणि वाळूच्या आतून आवाज येत होते. बारीक, घोगरे, एकामागून एक. अंड्यातली पिल्लं तयार झाली की आतूनच हाका मारतात. आई येते, वाळू उकरते, तेव्हा ती बाहेर पडतात. इतकी दाबलेली वाळू त्यांना स्वतःहून फोडणं जड जातं. ऊन चढलं की वाळू तापते.

"ही बाजू कोणी बंद केली?" मी विचारलं.

किसन खोपटातून आला. मान खाली नव्हती, ताठ होती. "म्या केली. तुमी वाघाकडे गेले. आतून आवाज येऊन राह्यला होता. ते आत गेली असती त सारे लेकरं खाल्ले असते तिनं."

"कोण म्हणालं?"

"माह्या बापानं डोयानं पाह्यलं साब. याच नदीवर. मगरीनं पिल्लू उचललं अन् तोंडात टाकलं. दुसरंबी टाकलं. बाप मले सांगे, हे जात आपलेच लेकरं खाते. या लेकरायले वाचवाले म्या काटे लावले."

 रात्रभर जागून, आपल्या वाडीत, त्यानं दुसऱ्याची पोरं त्यांच्याच आईपासून वाचवली होती. आलेला राग ओसरला. मी एवढंच म्हटलं, "किसनभाऊ, ती खात नाही. तोंडात धरून पाण्यात नेते. तिला हात कुठे आहेत?" त्याच्या चेहऱ्यावर विश्वास नव्हता. बापानं डोळ्यांनी पाहिलेलं, आणि मी फक्त हैदराबादला पडद्यावर पाहिलेलं. खरं सांगायचं तर मीही उघड्या डोळ्यांनी कधीच पाहिलं नव्हतं.

काटे काढायचे तर मगर समोर. जवळ गेलं की ती फुसकारायची, भात्यासारखी. जिल्ह्याहून पथक यायला दुपार झाली असती. किसन म्हणाला, फटाके लावून पळवू. पण घाबरून ती डोहात गेली आणि परत आलीच नाही तर? आवाज मघापेक्षा कमी होत चालले होते. ते माझ्या कानांना कळत होतं आणि गिरजाबाईलाही कळत होतं. सुनीता मधल्या काळात बाळंत झाली होती, तिच्या घरात तान्हं मूल होतं.

ती खोपटात गेली आणि काटे ओढायची लांब आकडी घेऊन आली. टोकाला आकडा बांधलेला लांबलचक बांबू. आम्ही जमिनीकडच्या बाजूनं कुंपणाला लागून उभे राहिलो आणि आकडी घरट्यावरून पलीकडे नेली. बांबू जड, टोक थरथरत होतं. पहिली काटी सुटली तेव्हा मगरीनं जबडा उघडला. गिरजाबाई बोलू लागली, अगदी सुनीताशी बोलावं तसं: "थांब माय, थांब. दार उघडून राह्यलो. जराशीक कळ काढ. तुयेच हाय ते, कोनी नाई नेऊन राह्यलं."

मगरीला मराठी समजतं असं मी म्हणणार नाही. पण तिनं जबडा मिटला आणि ती हलली नाही. एकेक काटी आम्ही बाजूला ओढली. शेवटची फांदी वाळूत खोल रोवलेली होती. माझ्याच्यानं ती निघेना, गिरजाबाईच्यानंही निघेना. तेव्हा किसन आला. त्यानं आकडी हातात घेतली, पाय रोवले आणि फांदी उपसून बाजूला टाकली. ज्यानं रोवली त्यालाच तिचा जोर ठाऊक होता.

मगर आत शिरली. पुढच्या पायांनी तिनं हळूहळू वाळू उकरली. एवढं मोठं धूड, पण कणीक तिंबावी इतक्या बेतानं. वाळूतून वीतभर पिल्लं वर आली, पिवळसर, काळे पट्टे असलेली. तिनं मान वाकडी केली आणि एक पिल्लू तोंडात घेतलं.

"खाल्लं!" किसन ओरडला. "पाहा, खाल्लं ना!"

मी त्याचं मनगट धरलं. मगर वळली, सावकाश पाण्यापर्यंत गेली, तोंड पाण्यात टेकवलं आणि उघडलं. पिल्लू दातांच्या मधून बाहेर आलं आणि पोहू लागलं. ती परत आली. दुसरं नेलं. मग एका वेळी दोन-तीन. एक अंडं फुटलंच नव्हतं, ते तिनं जबड्यात धरून हलकेच चेपलं, आणि आतलं पिल्लूही बाहेर आलं.

किसन वाळूत खाली बसला. शेवटचं पिल्लू पाण्यात जाईपर्यंत तो तिथून हलला नाही. मग म्हणाला, "माह्या बापानं अर्धंच पाह्यलं गार्डसाब. तो थांबलाच नाई."

मी रडलो. सांगायला लाज नाही. सगळी पिल्लं वाचली नाहीत, काही आतच गेली होती, आणि पाण्यात गेलेल्यांतलीही बहुतेक बगळ्यांच्या आणि माशांच्या पोटात जाणार, हे मला माहीत होतं. या जातीत असंच असतं. पुष्कळांतून एखाद-दुसरंच मोठं होतं. पण एखाद-दुसरंही माझ्या काठावर आजवर झालं नव्हतं. गिरजाबाई खोपटातून मूठभर गहू, नारळ आणि एक चोळीचा खण घेऊन आली, आणि मोकळ्या केलेल्या वाटेवर ठेवून आली. माहेरून जाणाऱ्या लेकीची ओटी भरतात ना, तशी. मगर डोहात होती, पिल्लं तिच्या डोक्यावर चढून बसली होती.

त्यानंतर काही दिवसांनी मी निवृत्त झालो. ऑफिसात शाल मिळाली, भाषणं झाली. रेंजर साहेबांनी माझ्या वाघाच्या ड्यूटीचं कौतुक केलं. मी ऐकून घेतलं. माझ्या मनात फक्त एवढंच होतं की आपण रिकाम्या हातानं चाललो नाही. हे देणं खात्याचं नाही, एका वाडीवाल्या जोडप्याचं आहे, आणि ते फिटावं अशी माझी इच्छाही नाही.

यंदा होळीनंतर किसनचा फोन आला. तो कधी फोन करत नाही, म्हणून मी घाबरून उचलला.

"गार्डसाब, आली."

"कोण?"

"आपली. तिथंच आली. यंदा म्या त्या जागी वेल लावलेच नव्हते." मागून गिरजाबाईचा आवाज ऐकू येत होता, काहीतरी सांग म्हणत होती. मग किसन म्हणाला, "तीन बाजूनं कुंपन केलं साब. पान्याकडची वाट मोकळी हाय. मी तिथं बसून राह्यतो, कोनी बंद करू नये म्हनून. लेकरं निंघतीन तवा या. यावेळी सुरुवातीपासून पाहू, अन् शेवटलोक थांबू."